अकाउंट हलते, कम्युनिटी हलत नाही: नागपूरच्या गटांसाठी मॅस्टोडॉन आणि लेमीची पारख

मॅस्टोडॉन म्हणजे एक्ससारखे छोट्या पोस्टींचे समाजमाध्यम, लेमी म्हणजे विषयवार चर्चेच्या कम्युनिटींचे; दोन्ही एका कंपनीच्या नव्हे, वेगवेगळ्या मालकांच्या सर्व्हरांवर चालतात. आधी तारे सांगून टाकतो. एकट्या माणसाच्या अकाउंटसाठी मॅस्टोडॉनला पाचपैकी चार, गटाच्या कम्युनिटीसाठी लेमीला पाचपैकी तीन. लेमी अवघड आहे म्हणून तारे कापलेले नाहीत. रोजच्या वापरात ते छान चालते. कापले ते एकाच गोष्टीसाठी. कम्युनिटी ज्या सर्व्हरवर काढली त्याच्याशी तिची गाठ कायमची बांधली जाते, आणि कम्युनिटी काढायच्या पानावर हे कुठेही लिहिलेले नसते. गोरेवाड्याचे पक्षीनिरीक्षक असोत की धरमपेठेतले वाचक, ते बटण दाबण्याआधी पुढचे वाचून घ्यावे.

व्हॉट्सॲप ग्रुप सोडून इकडे यावेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ग्रुप १,०२४ सदस्यांवर थांबतो. त्याच्या कितीतरी आधी त्यातली माहिती सापडेनाशी होते: अंबाझरीवर कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात दिसला हे मागच्या हिवाळ्यात कोणी नीट लिहिले असेल, तर आज ते नव्या सदस्याला दिसतच नाही. लेमीवर तीच नोंद शीर्षकासह, तारखेसह राहते, तिच्याखाली चर्चा राहते आणि अकाउंट नसलेल्यालाही ती वाचता येते. शिवाय कंपनी बंद पडली की सगळे गेले, हे मराठी माणसाने तीनदा पाहिले आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये आणि मराठीत लिहिता येणारे देशी कू जुलै २०२४ मध्ये.

मॅस्टोडॉन आणि लेमी ज्या जाळ्यात येतात त्या फेडिव्हर्सची मांडणी निराळी आहे. सर्व्हर वेगवेगळ्या मालकांचे, पण आपसात बोलायची भाषा एक. तिचे नाव ॲक्टिव्हिटीपब. जानेवारी २०१८ मध्ये वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. मॅस्टोडॉन त्याआधीचे, २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोख्कोने सुरू केलेले. लेमी २०१९ चे. त्यावर खरी गर्दी झाली ती जून २०२३ मध्ये, रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने बाहेरच्या ॲपवाल्यांकडून भरमसाट पैसे मागायला सुरुवात केली तेव्हा.

पत्ता समजला की निम्मे काम होते. मॅस्टोडॉनवरच्या माणसाचा पत्ता ‘@नाव@सर्व्हर’ असा, लेमीवरच्या कम्युनिटीचा ‘!नाव@सर्व्हर’ असा. (प्रत्यक्षात दोन्ही रोमन लिपीत टाकावे लागतात.) एमएच ३१ असो की एमएच ४९, गाडी वर्धा रोडवर सारखीच धावते; पाटीवरून नोंदणी कुठली तेवढे कळते. पत्त्याचा दुसरा भाग तसाच आहे. आपले अकाउंट एका सर्व्हरवर असले तरी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करता येते, तिथल्या कम्युनिटीत लिहिता येते, तिथे वेगळे अकाउंट काढावे लागत नाही.

नवीन माणूस पहिल्याच दिवशी अडतो तो शोधताना. दुसऱ्या सर्व्हरवर कोणाच्या शेकडो पोस्टी आहेत हे माहीत असते, पण आपल्या सर्व्हरवर त्याचे पान उघडले तर ते रिकामे. बिघाड काही नसतो. प्रत्येक सर्व्हर स्वतःकडे प्रत ठेवतो आणि प्रत यायला सुरुवात होते ती इथल्या कोणीतरी पहिल्यांदा फॉलो केल्यावर. मागचे सगळे आपोआप येत नाही. कम्युनिटीचेही तेच: आपल्या सर्व्हरवरून तिला कोणीच जोडलेले नसेल तर नुसते नाव शोधून ती सापडत नाही. पूर्ण पत्ता शोधपेटीत टाकावा, दहा-पंधरा सेकंद थांबावे, पुन्हा शोधावे. सापडली की ‘सबस्क्राइब’ दाबावे. बटणावर बराच वेळ ‘पेंडिंग’ दिसत राहिले तर सबस्क्रिप्शन काढून पुन्हा करावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

हॅशटॅगलाही हाच नियम लागू होतो. मॅस्टोडॉन ४.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासून, हॅशटॅगच फॉलो करता येतो. पण आपल्या सर्व्हरपर्यंत जेवढ्या पोस्टी पोचल्या तेवढ्यांतलाच हॅशटॅग दिसतो, त्यामुळे लहान सर्व्हरवर तो कोरडा वाटतो. नागपूरकरांसाठी यात आणखी एक मेख आहे. ‘#नागपूर’ हा दीर्घ पू, ‘#नागपुर’ हा हिंदीतला ऱ्हस्व पु आणि रोमन लिपीतला तिसरा, हे यंत्राच्या लेखी तीन अगदी वेगळे हॅशटॅग आहेत. आपल्या शहरात तिन्ही लिहिणारे शेजारी शेजारी राहतात. तिन्ही फॉलो करावेत आणि लिहिताना निदान दोन टाकावेत. पोस्ट लिहायच्या चौकटीखाली भाषेचे बटण असते, तिथे मराठी निवडावे. इंग्रजी तसेच ठेवून मराठी लिहिले, तर भाषेनुसार गाळणी लावलेल्यांना पोस्ट दिसत नाही. पोस्टची मर्यादा मूळ मांडणीत ५०० अक्षरांची. लिंक कितीही लांब असो, ती २३ अक्षरेच धरली जाते.

अकाउंटसाठी सर्व्हर निवडताना लोक नावावर भाळतात. पाहायचे असते ते ‘अबाउट’ पान. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचे तर सर्व्हरला काही अटी मान्य कराव्या लागतात: रोजचा बॅकअप, अडीनडीला सर्व्हरपर्यंत पोचू शकेल असा दुसरा माणूस, द्वेषाच्या मजकुरावर प्रत्यक्ष कारवाई, आणि बंद करायचे झाल्यास किमान तीन महिने आधी सूचना. यातली दुसरी अट आम्ही सगळ्यांत वर ठेवतो. एकट्या माणसाच्या जिवावर चाललेला सर्व्हर तो माणूस आजारी पडला की पोरका होतो. त्याच पानावर हा सर्व्हर कोणाकोणाला अडवतो याची यादी बहुधा असते. लेमीवर ती ‘इन्स्टन्सेस’ नावाच्या पानावर मिळते. ज्यांच्याशी बोलायचे आहे त्यांचाच सर्व्हर त्या यादीत निघाला, तर पुढची सगळी मेहनत फुकट.

डोमेनचे शेपूटही पाहावे. पत्त्यात सर्व्हरचे नाव असल्यामुळे डोमेन गेले की पत्ता गेला, यंत्र शाबूत असले तरी. जुलै २०२३ मध्ये मालीने आपली फुकट वाटलेली ‘डॉट एमएल’ डोमेने परत ताब्यात घ्यायला सुरुवात केली, त्यात एफएमएचवाय हा लेमी सर्व्हर सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या ‘डॉट एएफ’वरचा क्वियर डॉट एएफ हा मॅस्टोडॉन सर्व्हर डोमेन रद्द झाल्याने गेला. फुकटच्या किंवा कोणाच्या मर्जीवर टिकणाऱ्या डोमेनवर अकाउंट काढू नये.

आता हलवण्याबद्दल, कारण मॅस्टोडॉनचे चार तारे याच सोयीचे आहेत. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी जुन्या आरटीओची एनओसी काढतात. इथे क्रम उलटा आहे आणि लोक चुकतात ते इथेच. आधी नव्या अकाउंटमध्ये जावे: प्रेफरन्सेस, मग अकाउंट, तळाशी ‘दुसऱ्या अकाउंटवरून येणे’ अशा अर्थाचा दुवा. तिथे जुना पूर्ण पत्ता टोपणनाव म्हणून नोंदवावा. मग जुन्या अकाउंटमध्ये त्याच जागी ‘दुसऱ्या अकाउंटवर जाणे’ निवडून नवा पत्ता आणि जुन्याचा पासवर्ड द्यावा. टोपणनाव आधी नोंदवले नसेल तर जुना सर्व्हर सरळ नकार देतो, आणि बरोबर करतो. नाहीतर कोणीही कोणाचेही फॉलोअर आपल्याकडे वळवले असते.

एवढे केल्यावर फॉलोअर येतात, काही लगेच, काही तासांनी. पोस्टी येत नाहीत; त्या जुन्या पानावरच राहतात. आपण कोणाला फॉलो करतो, कोणाला अडवले, बुकमार्क, याद्या, हे सगळे ‘एक्सपोर्ट’मधून सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फायली उतरवून नव्या ठिकाणी ‘इम्पोर्ट’ करावे लागते. तिथे ‘मर्ज’ आणि ‘ओव्हरराइट’ असे दोन पर्याय येतात. मर्जच निवडावे, ओव्हरराइट आधीची यादी पुसते. एकदा हलवले की ३० दिवस पुन्हा हलवता येत नाही. नव्या अकाउंटला ‘मंजुरीनेच फॉलो’ लावलेले असेल तर जुने सगळे फॉलोअर विनंत्यांच्या रांगेत उभे राहतात, म्हणून ते कुलूप हलवताना काढून ठेवावे.

आणि हे सगळे जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच. बंद पडलेल्या सर्व्हरवरून काहीही हलत नाही. सीएसव्ही दर महिन्याच्या १ तारखेला उतरवून ठेवाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे. पोस्टींसह पूर्ण संग्रह सात दिवसांतून एकदा मागता येतो.

लेमीवर ‘हलवणे’ हा प्रकारच नाही. आवृत्ती ०.१९ पासून सेटिंग्ज एका फाइलमध्ये उतरवता येतात: जोडलेल्या कम्युनिटी, अडवलेली माणसे, जतन केलेल्या पोस्टी. नव्या अकाउंटवर ती फाइल चढवली की वाचणाऱ्याचे काम भागते. लिहिलेले मात्र जुन्या नावावरच राहते आणि मॉडरेटरचे अधिकारही.

आता कम्युनिटी. सगळा लेख खरे तर या एका गोष्टीसाठी आहे, म्हणून जरा सावकाश. समजा गोरेवाड्याच्या पक्ष्यांची कम्युनिटी ‘क’ सर्व्हरवर काढली. सदस्य ‘क’वर आहेत, ‘ख’वर आहेत, ‘ग’वर आहेत. ‘ख’वरच्या सदस्याने नीलपंखाचा फोटो टाकला, तर ‘ख’ तो थेट ‘ग’ला पाठवत नाही. तो ‘क’कडे जातो, आणि ‘क’ सगळ्या सदस्यांच्या सर्व्हरांना दवंडी पिटतो: आमच्याकडे हे आले आहे. पोस्ट, प्रतिसाद, मत, मॉडरेटरने काढलेला मजकूर, सगळे याच वाटेने फिरते. ‘क’ हा सीताबर्डी मेट्रो स्टेशनासारखा आहे, ॲक्वा आणि ऑरेंज दोन्ही लाइनींची अदलाबदल तिथेच.

‘क’ बंद पडला की काय होते ते नीट पाहा. कम्युनिटी दिसेनाशी होत नाही. ‘ख’कडे प्रत आहे, पान उघडते, जुन्या पोस्टी दिसतात, नवी पोस्ट टाकली तर तीही चढते. पण दवंडी पिटणारा उरलेला नाही. ‘ख’वरचे लोक फक्त ‘ख’वरच्यांना दिसतात, ‘ग’वरचे ‘ग’वरच्यांना. एकाच नावाच्या दोन खोल्या होतात आणि मधली भिंत कोणालाच दिसत नाही. कुठलाही इशारा येत नाही. लोकांना फक्त वाटते की हल्ली कोणी बोलत नाही. लेम डॉट ईई हा मोठा सर्व्हर जून २०२५ च्या अखेरीस बंद झाला. त्याने आधी सूचना दिली म्हणून तिथल्या कम्युनिटींना दुसरीकडे नवे घर करून सदस्यांना हाका मारता आल्या. नवे घरच करावे लागले, जुने उचलून नेता आले नाही.

सर्व्हर जिवंत असूनही हेच होऊ शकते, एकाने दुसऱ्याशी संबंध तोडला तर. जून २०२३ मध्ये बीहॉ या लेमी सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्ड या दुसऱ्या मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले, कारण खुल्या नोंदणीतून येणारी गर्दी सांभाळायला त्यांचे मॉडरेटर पुरत नव्हते. कारण रास्त होते. पण लेमी डॉट वर्ल्डवरून बीहॉच्या कम्युनिटीत लिहिणाऱ्यांचे शब्द त्यानंतर बीहॉवर पोचलेच नाहीत, स्वतःच्या सर्व्हरवर मात्र दिसत राहिले. तुमच्या पोस्टवर अचानक शांतता पसरली तर कम्युनिटीच्या मूळ सर्व्हरचे पान ब्राउझरमध्ये लॉगिन न करता उघडून पाहावे. पोस्ट तिथे नसेल तर ती तुमच्या सर्व्हरबाहेर कोणाकडेच नाही.

म्हणून अकाउंटच्या सर्व्हरपेक्षा कम्युनिटीचा सर्व्हर दुप्पट काळजीने निवडावा. जुना, एकाहून अधिक ॲडमिन असलेला, खर्चाचा हिशेब उघड मांडणारा, आवृत्ती वेळेवर बदलणारा. काही सर्व्हरांवर कम्युनिटी काढायचा अधिकार फक्त ॲडमिनला असतो, ते आधी विचारून घ्यावे. नाव रोमन लहान अक्षरांत, आकडे आणि अंडरस्कोर वापरून, मूळ मांडणीत २० अक्षरांच्या आत. ते पुन्हा बदलत नाही. वर दिसणारे शीर्षक मात्र देवनागरीत लिहिता येते आणि हवे तेव्हा बदलता येते. कम्युनिटीच्या भाषांमध्ये मराठी सुरू आहे ना ते पाहावे. नसेल तर मराठी म्हणून टाकलेली पोस्ट नाकारली जाते. सदस्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवावी: प्रोफाइलमधल्या भाषांच्या यादीत मराठीबरोबर ‘अनडिटरमाइन्ड’ही निवडलेले असू द्या. ते काढले की भाषा न नोंदवलेल्या पोस्टी, म्हणजे बहुतांश पोस्टी, दिसायच्या बंद होतात आणि ॲप बिघडले असे वाटते.

मॉडरेटर निदान तीन असावेत, दोन सर्व्हरांवर पसरलेले, पण त्यांतला एक तरी मूळ सर्व्हरवरचा. तक्रारी तिथे नक्की पोचतात. नवा मॉडरेटर नेमायचे बटण सेटिंगमध्ये शोधून सापडत नाही. त्या माणसाने कम्युनिटीत एखादा प्रतिसाद लिहावा, मग त्या प्रतिसादाच्या तीन ठिपक्यांत तो पर्याय येतो. यादीत वरचा मॉडरेटर खालच्याला काढू शकतो, खालचा वरच्याला नाही. त्यामुळे जो सगळ्यांत जास्त काळ टिकेल त्याने वर असावे, ज्याला उत्साह सगळ्यांत जास्त आहे त्याने नव्हे.

सर्व्हर भारतात असेल तर बरे, असे पुष्कळांना वाटते. पान उघडायला तो वेगवान लागतो हे खरे. पण ०.१९ पासून लेमी एका सर्व्हरची कामे दुसऱ्याकडे एकामागून एक पाठवू लागले: पहिल्याची पोच आली की दुसरे. जाऊन यायला पाव सेकंद लागत असेल तर सेकंदाला चार कामांपलीकडे जात नाही. २०२४ मध्ये याच कारणाने लेमी डॉट वर्ल्डवरचा मजकूर ऑस्ट्रेलियातल्या सर्व्हरवर काही दिवस उशिरा पोचत होता. ०.१९.६ मध्ये एका वेळी अनेक कामे पाठवायची सोय आली. मोठ्या कम्युनिटी बहुतेक युरोपातल्या सर्व्हरांवर आहेत, तेव्हा निव्वळ अंतर पाहून मुंबईतला सर्व्हर घेण्यात अर्थ नाही.

मॅस्टोडॉनवरून लेमीची कम्युनिटी फॉलो करता येते, पण सांभाळून. कम्युनिटी प्रत्येक प्रतिसादाचीही दवंडी पिटते, त्यामुळे एक रंगलेली चर्चा तुमचे सगळे पान भरून टाकते. तिला वेगळ्या यादीत टाकून ‘हे मुख्य पानावर दाखवू नका’ हा पर्याय लावावा, ४.२ पासून तो आहे. मॅस्टोडॉनवरून कम्युनिटीत लिहायचे तर पोस्ट सार्वजनिक ठेवून कम्युनिटीचा पत्ता ‘@’ लावून टाकावा. पहिली ओळ लेमीवर शीर्षक होते, म्हणून पहिल्या ओळीत पत्ता नको, विषय हवा: ‘गोरेवाडा, सकाळी ७, नीलपंख’. पत्ता शेवटी. उलट दिशेने वाट नाही: लेमीवरून मॅस्टोडॉनवरच्या माणसाला फॉलो करता येत नाही. दोन्ही एकाच जागी हवे असतील तर फेडिव्हर्समधलेच एमबिन हे तिसरे सॉफ्टवेअर पाहावे.

खासगीपणाला मात्र आम्ही तारे देत नाही. लेमीवरची मते ॲडमिनला नावानिशी दिसतात, एमबिनवर पसंती कोणाची हे सर्वांनाच दिसते. सोसायटीच्या निवडणुकीसारख्या नाजूक विषयावर मत नोंदवताना हे ध्यानात असू द्या. मॅस्टोडॉनचा खासगी निरोप कुलूपबंद नसतो, दोन्ही बाजूंचे ॲडमिन तो वाचू शकतात. त्याहून घातक म्हणजे निरोपात तिसऱ्या माणसाचा पूर्ण पत्ता ‘@’ लावून लिहिला, की तो निरोप त्यालाही जातो. ज्याच्याबद्दल तक्रार करायची त्यालाच ती पोचते. नाव साध्या अक्षरांत लिहावे. पोस्ट खोडली की खोडल्याचा निरोप सगळीकडे जातो आणि बहुतेक सर्व्हर तो पाळतात, पण बंद असलेल्या किंवा संबंध तोडलेल्या सर्व्हरवरची प्रत तशीच राहते.

स्वतःचा सर्व्हर काढावा का? शंभराच्या आतल्या गटाने या भानगडीत पडू नये. मॅस्टोडॉनला पोस्टग्रेएसक्यूएल, रेडिस आणि साइडकिक ही आणखी तीन सॉफ्टवेअर सोबत लागतात, ४ जीबी मेमरी धरून चालावे. खरी डिस्क खातात ते बाहेरच्या पोस्टींसोबत येणारे फोटो. ते ठरावीक दिवसांनी आपोआप साफ होतील अशी मुदत पहिल्याच दिवशी लावावी. नोंदणीचा ईमेल स्पॅममध्ये गेला तर नवा सदस्य दारातूनच परत जातो, म्हणून मेल पाठवायची सेवा चांगली घ्यावी. बॅकअप घेताना नुसता डेटाबेस पुरत नाही, ‘एन्व्ह प्रॉडक्शन’ ही फाइलही सोबत हवी, गुप्त किल्ल्या तिच्यात असतात. आणि सर्व्हर बिघडला म्हणून त्याच डोमेनवर कोरा डेटाबेस घालून नव्याने सुरुवात कधीही करू नये. बाकीच्या सर्व्हरांनी जुन्या अकाउंटच्या किल्ल्या, म्हणजे निरोपावरची सही ओळखायच्या खुणा, लक्षात ठेवलेल्या असतात. त्याच नावाने नव्या किल्लीची सही आली की ते ती नाकारतात. अशा वेळी उपडोमेन तरी नवे घ्यावे.